राज्य गेलं, सह्या राहिल्या

समजा, तुमच्यासमोर एक कागद ठेवलाय. मी गादीवरचा हक्क सोडते आणि माझ्यानंतर माझ्या वारसांचाही त्यावर हक्क राहणार नाही, असं त्यावर लिहिलंय. खाली सहीसाठी जागा आहे. तुम्ही एका खोलीत कैद आहात, बाहेर पहारा आहे. सही केलीत तर तुमच्या बाजूने उठलेली आणि सध्या तुरुंगात असलेली माणसं सुटतील, असं तुम्हाला सांगितलंय. नाही केलीत तर त्यांतल्या काहींचा जीव जाईल.

काय कराल?

२४ जानेवारी १८९५ रोजी होनोलुलूमध्ये ५६ वर्षांच्या एका बाईसमोर हाच कागद होता. तिने सही केली. सहीत नाव काय लिहायचं, हेसुद्धा तिला सांगण्यात आलं: लिलिउओकलानी डॉमिनिस. डॉमिनिस हे तिच्या नवऱ्याचं आडनाव. पण राणी म्हणून ती फक्त लिलिउओकलानी होती आणि तिची सहीही तेवढीच असायची. आपण हे नाव कधी लावलंच नव्हतं, असं तिने पुढे पुस्तकात स्पष्ट लिहिलं. म्हणजे एक अख्खं राज्य सोडल्याचा कागद झाला, आणि त्यावर सही होती ती राणीने कधी न वापरलेल्या नावाने!

ही हवाईच्या शेवटच्या राणीची गोष्ट आहे. हवाई म्हटलं की आपल्याला फुलाफुलांचे शर्ट, गळ्यातल्या माळा, उकुलेले आणि समुद्रावरची हनिमून पॅकेजेस आठवतात. तिथे एक स्वतंत्र देश होता, त्याचा राजवाडा होता, राज्यघटना होती, परदेशांशी केलेले करार होते, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेने हा देश खालसा केला. आणि तोही लढाई जिंकून नाही, तर कागदावर कागद रचून.

डोळे दुखले म्हणून ठेवलेलं नाव

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर आठ मोठी बेटं. अमेरिकेचा किनारा तिथून जवळजवळ ३,८०० किलोमीटर लांब. चहूबाजूंनी नुसतं पाणी. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोहोचला. त्यानंतर जहाजांबरोबर व्यापारी आले, मिशनरी आले आणि रोगही आले. गोवर, देवी, फ्लू. या रोगांशी त्या बेटांची कधी ओळखच नव्हती, त्यामुळे माणसं पटापट मेली. कुकच्या वेळी हवाईत काही लाख लोक असावेत, असे अंदाज आहेत. १८९० च्या शिरगणतीत मूळ हवाईयन उरले होते जेमतेम ४० हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपली नायिका २ सप्टेंबर १८३८ रोजी होनोलुलूत जन्मली, सरदार घराण्यात. तिच्या जन्माच्या वेळी नात्यातल्या एका बड्या राजस्त्रीचे डोळे आले होते, म्हणून बाळाला नावं मिळाली ती सगळी त्या दुखण्यावरून. चुरचुरणं, पाणावणं, जळजळणं, दुखरा डोळा अशा अर्थांची. आपल्याकडे नाही का दगडू, धोंडू अशी नावं ठेवायचे, तसंच काहीसं. ख्रिस्ती नाव लिडिया. लिलिउओकलानी हे नाव तिला पुढे वारस ठरल्यावर मिळालं.

तिथल्या रिवाजाप्रमाणे जन्मताच तिला दुसऱ्या सरदार घरात वाढवायला दिलं. याला ते 'हानाई' म्हणत. हे आपल्या दत्तकासारखंच, पण एक फरक होता. मुलाला जन्मदाते कोण हे माहीत असायचं आणि दोन्ही घरं त्याची असायची. चार वर्षांची असताना तिला सरदारांच्या मुलांसाठी काढलेल्या निवासी शाळेत घातलं. शाळा चालवायचं एक अमेरिकी मिशनरी जोडपं. इंग्रजी उत्तम शिकवायचे, संगीतही शिकवायचे. जेवण मात्र बेताचंच. रात्री काकवी लावलेला पावाचा तुकडा खाऊन उपाशीपोटी झोपल्याची आठवण तिने म्हातारपणीही विसरली नाही. त्या शाळेतली बरीच मुलं पुढे गादीवर आली. हवाईचे शेवटचे पाचही राज्यकर्ते याच शाळेचे विद्यार्थी.

संगीत तिच्या अंगातच होतं. ऐकलेली चाल ती सरळ कागदावर उतरवायची. आयुष्यात तिने दीडशेहून जास्त गाणी रचली. १८६६ मध्ये राजाच्या सांगण्यावरून देशासाठी राष्ट्रगीत लिहिलं. १८७८ मध्ये ओआहू बेटावरच्या एका मळ्यातून घोड्यावरून परतताना तिने एका जोडीला निरोपाची मिठी मारताना पाहिलं आणि तिला एक गाणं सुचलं. तेच 'अलोहा ओए'. आज जगात कुठेही हवाई दाखवायचं असलं की मागे हीच धून वाजते. ऐकणाऱ्यांपैकी कितींना माहीत असतं की ते एका राणीने रचलंय?

१८६२ मध्ये तिने जॉन डॉमिनिसशी लग्न केलं. तो अमेरिकी वंशाचा, सरकारी अधिकारी. घर सासूच्या मालकीचं, नाव 'वॉशिंग्टन प्लेस'. या घराचं नाव पुढे पुन्हा येईल. १८७४ मध्ये तिचा भाऊ कालाकाउआ राजा झाला. १८७७ मध्ये धाकटा भाऊ वारला आणि ती गादीची वारस ठरली.

साखर आणि सत्ता

आता थोडं अर्थकारण. कंटाळू नका, साखर आणि राजकारण यांचं नातं आपल्या महाराष्ट्राला तरी समजावून सांगायला नको.

मिशनरी धर्म शिकवायला आले होते. त्यांच्या मुलानातवंडांपैकी अनेकजण मात्र ऊस लावू लागले. १८४८ नंतर जमीन खासगी मालकीची झाली, विकता-घेता येऊ लागली. १८७५ मध्ये अमेरिकेशी करार झाला की हवाईची साखर तिथे जकात न भरता जाईल. मग काय, डोंगरउतारांपासून किनाऱ्यापर्यंत ऊसच ऊस. मजूर कमी पडू लागले, म्हणून चीन, जपान, पोर्तुगाल इथून माणसं आणली गेली.

आपल्या राज्यासाठी माणसं मिळवावीत आणि जगात ओळख वाढवावी म्हणून १८८१ मध्ये कालाकाउआ जगप्रवासाला निघाला. गादीवर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला राजा. या प्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईतही आला होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट पाहून गेला. जे. जे.त शिकणाऱ्यांनो, तुमच्या आवारात हवाईचा राजा येऊन गेलाय बरं का!

राजा बाहेर असताना कारभार बहिणीकडे होता आणि तेवढ्यात होनोलुलूत देवीची साथ आली. तिने ये-जा बंद केली, जहाजांवर निर्बंध घातले, विलगीकरण लावलं. मळेवाले आणि व्यापारी चिडले, कारण जहाजं थांबली की धंदा थांबतो. कोविडचा काळ आपण पाहिलाय, त्यामुळे हा वाद कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. ही बाई आपलं ऐकणार नाही, हे मळेवाल्यांना तेव्हाच कळून चुकलं असणार.

संगिनीच्या धाकाने आलेली घटना

१८८७. लंडनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव. जगभरातून राजेरजवाडे आले, आपल्याकडून इंदूरचे होळकरही गेले होते. हवाईतून राजाची राणी कापिओलानी आणि तिच्यासोबत लिलिउओकलानी गेली. तिथे त्यांना एका स्वतंत्र राष्ट्राचा पूर्ण मान मिळाला. आणि त्या लंडनमध्ये असतानाच घरून बातमी आली.

मळेवाले, व्यापारी आणि त्यांच्या हाताखालची बंदूकधारी पलटण यांनी राजाला नव्या राज्यघटनेवर सही करायला लावली होती. लोकांनी तिला नाव दिलं 'संगिनीची घटना'. राजाचे बहुतेक अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. वरिष्ठ सभागृहासाठी मत द्यायचं तर मोठी मिळकत हवी, अशी अट आली. त्यामुळे बहुसंख्य हवाईयन आपल्याच देशात त्या मताला मुकले. चिनी-जपानी लोकांना मतदानातून सरसकट वगळलं. आणि तिथे राहणाऱ्या अमेरिकी-युरोपियनांना आपलं मूळ नागरिकत्व न सोडता मत देण्याची मुभा मिळाली! त्याच वर्षी साखरेचा करार वाढवताना पर्ल हार्बरच्या वापराचा एकट्याचा हक्क अमेरिकी आरमाराला गेला.

कालाकाउआ तब्येतीसाठी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जानेवारी १८९१ मध्ये तिथेच वारला. तेव्हा हवाईपर्यंत तारेची सोय नव्हती. इकडे होनोलुलूत राजाच्या स्वागताच्या कमानी उभारणं चालू होतं. २९ जानेवारीला जहाज दिसलं, तर त्यावरचे झेंडे अर्ध्यावर उतरवलेले. कमानींवरची सजावट उतरवून काळं कापड लावलं गेलं. त्याच दिवशी लिलिउओकलानीला राणी म्हणून शपथ घ्यावी लागली, त्याच संगिनीच्या घटनेची. सात महिन्यांत नवराही गेला.

त्यात अमेरिकेने नवा जकात कायदा केला होता. सगळ्याच देशांची साखर करमुक्त झाली आणि अमेरिकेतल्या उत्पादकांना वर अनुदान मिळू लागलं. हवाईच्या साखरेचा फायदा एका फटक्यात संपला. मळेवाल्यांपैकी काहींनी सरळ हिशोब मांडला. हवाईच अमेरिकेत गेली तर आपली साखर 'तिथली' होईल.

ते चार दिवस

राणीकडे मात्र वेगळेच कागद येत होते. घटना बदला, असे लोकांचे अर्ज. नोंदलेल्या मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी त्यांवर सह्या केल्या होत्या, असं तिने लिहून ठेवलंय.

१४ जानेवारी १८९३ रोजी तिने नवा मसुदा मंत्र्यांपुढे ठेवला. त्यात मताचा हक्क हवाईच्या नागरिकांना परत मिळणार होता आणि राणीचे अधिकारही. मंत्री कचरले, सही करेनात. नाइलाजाने तिने बाहेर जमलेल्या लोकांना थोडं थांबायला सांगितलं.

तिचं सगळंच बरोबर होतं असं समजू नका. नुकतीच तिने लॉटरीला आणि अफूच्या परवान्यांना मान्यता देणाऱ्या कायद्यांवर सही केली होती. तिजोरीत पैसा हवा होता, हे खरं. पण विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

त्यांना एवढं निमित्त पुरलं. तेराजणांची एक समिती उभी राहिली. पुढारी लॉरिन थर्स्टन, मिशनरींचा नातू आणि जन्माने हवाईचाच. अमेरिकेचा तिथला राजदूत जॉन स्टीव्हन्स त्यांच्या बाजूचा होता. १६ तारखेला संध्याकाळी बंदरातल्या 'बोस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरून १६२ सैनिक आणि खलाशी बंदुका, तोफा घेऊन उतरले. कारण सांगितलं ते अमेरिकी नागरिकांच्या रक्षणाचं. पण मुक्काम ठोकला राजवाड्याच्या जवळ, समोर.

१७ तारखेला समितीने राजेशाही संपल्याचं जाहीर केलं. हंगामी सरकारचा प्रमुख सॅनफर्ड डोल. राणीच्याच सर्वोच्च न्यायालयातला न्यायाधीश! (डबाबंद अननसावर 'डोल' हे नाव पाहिलंय? ती कंपनी पुढे त्याच्या नात्यातल्या जेम्स डोलने काढली.) स्टीव्हन्सने या सरकारला लगेच मान्यता देऊन टाकली.

राणीकडे पहारेकरी होते, पोलीस होते, लोक तर होतेच. ती लढू शकली असती. पण समोर फक्त तेराजण नव्हते, मागे अमेरिकेचं आरमार होतं. रक्त सांडायचं नाही, असं तिने ठरवलं आणि एक कागद लिहिला. हा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी लढाई त्याच कागदावर उभी राहिली. मी या हंगामी सरकारपुढे हार मानत नाही, असा त्याचा अर्थ होता. मी अमेरिकेच्या लष्करी बळापुढे माघार घेते, निषेध नोंदवून. आणि अमेरिकी सरकार सत्य तपासून आपल्या माणसाची चूक दुरुस्त करेल तोवरच.

म्हणजे तिने राज्य सोडलंच नाही. ते अमेरिकेच्या न्यायबुद्धीकडे जणू ठेव म्हणून ठेवलं.

भाबडेपणा वाटतो ना? पण काही महिने असं वाटलं की तिचा अंदाज खरा ठरणार. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलले. नवे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी विलीनीकरणाचा करार सिनेटमधून मागे घेतला. जेम्स ब्लाउंट नावाच्या माणसाला चौकशीसाठी पाठवलं. त्याने महिनोन् महिने साक्षी घेतल्या आणि अहवाल दिला की स्टीव्हन्सच्या आणि सैन्याच्या मदतीशिवाय हे बंड झालंच नसतं. डिसेंबर १८९३ मध्ये क्लीव्हलँड यांनी काँग्रेसला तसं स्पष्ट कळवलं. एका मित्रदेशाचं सरकार आपल्यामुळे उलथलं गेलं, हे त्यांनी मान्य केलं.

राणीला गादी परत द्यायची, पण तिने बंडवाल्यांना माफ करावं, अशी अट होती. आधी ती राजी नव्हती. गुन्ह्याला शिक्षा कायद्यात आहे, असं तिचं म्हणणं. आठवड्यांनी तिने मान्यता दिली. पण डोलने नकार दिला. अमेरिकेने आमच्या कारभारात लुडबुड करू नये, असं म्हणाला! सैन्य उतरलं तेव्हा मात्र ती लुडबुड चालली होती. क्लीव्हलँड यांनी प्रकरण काँग्रेसकडे सोपवलं आणि तिथे ते भिजत पडलं. ४ जुलै १८९४ रोजी, म्हणजे मुद्दाम अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, डोल मंडळींनी 'हवाई प्रजासत्ताक' जाहीर केलं. बहुसंख्य प्रजेला मत नसलेलं प्रजासत्ताक.

खोलीतली गोधडी

जानेवारी १८९५ मध्ये रॉबर्ट विल्कॉक्स वगैरे राणीच्या समर्थकांनी उठाव केला. काही दिवसांत तो मोडला. वॉशिंग्टन प्लेसच्या बागेत शस्त्रं सापडली असं सांगून तिला पकडलं आणि तिच्याच इओलानी राजवाड्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलं. व्हाइट हाउसच्याही आधी विजेचे दिवे लागलेला हा वाडा. तिथेच सुरुवातीला सांगितलेला तो कागद तिच्यापुढे आला.

सही झाली, तरी खटला चाललाच. लष्करी न्यायाधिकरण बसलं ते तिच्याच सिंहासनाच्या दालनात. आरोप होता की उठावाची माहिती असून तिने ती कळवली नाही. शिक्षा पाच वर्षं सक्तमजुरी आणि ५,००० डॉलर दंड. मजुरी करायला लावली नाही, पण सुमारे आठ महिने ती त्या खोलीत होती.

वर्तमानपत्र वाचायला बंदी. पण तिच्यासाठी बागेतली फुलं यायची, आणि फुलं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली असायची! तेवढ्यावर तिला जग कळायचं. तिने गाणी लिहिली. त्यातलं एक तर चक्क प्रार्थना आहे, ज्यांनी कोंडलं त्यांच्यासाठीही क्षमा मागणारी. हवाईच्या लोकांचं विश्वाच्या उत्पत्तीचं दोन हजारांहून जास्त ओळींचं पारंपरिक कवन आहे, 'कुमुलिपो'. त्याचं इंग्रजी भाषांतर तिने हाती घेतलं, ते १८९७ मध्ये छापलं गेलं.

आणि तिने गोधडी शिवली. सोबतीला राहणाऱ्या बाईच्या मदतीने, रेशमाचे, मखमलीचे, रंगीबेरंगी तुकडे जोडून. त्यावर तारखा, नावं, झेंडे, आपल्या कैदेची नोंद, सगळं सुईदोऱ्याने भरलं. दुसऱ्याच नावाने सही करायला लावलेल्या बाईने आपली हकीकत कापडावर नोंदवून ठेवली. ती गोधडी आजही राजवाड्यात जपलेली आहे.

एकवीस हजार दोनशे एकोणसत्तर

सुटल्यावर पुढे ती अमेरिकेत गेली. तिथल्या अनेक वर्तमानपत्रांनी तिची रानटी बाई म्हणून व्यंगचित्रं काढली होती. म्हणून ती समोर गेली, भेटली, बोलली आणि १८९८ मध्ये इंग्रजीत आपली बाजू मांडणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. तिची भाची आणि वारस काइउलानी हिने तर १८९३ मध्येच ही वाट धरली होती. इंग्लंडमध्ये शिकत असलेली १७ वर्षांची ती मुलगी देशासाठी बोलायला अमेरिकेत पोहोचली होती. तुमच्यातल्या एफवायच्या मुलीपेक्षाही लहान.

जून १८९७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. दुसऱ्याच दिवशी राणीने लेखी निषेध दाखल केला. आता करार सिनेटपुढे जाणार होता आणि त्याला दोन तृतीयांश मतं लागणार होती.

तिकडे बेटांवर 'हुई अलोहा आइना', म्हणजे देशप्रेमींची संघटना, कामाला लागली. पुरुषांची शाखा होती, बायकांचीही. अबिगेल कॅम्पबेल, एम्मा नावाही अशा बायका सभा घेत होत्या. विचार करा, फोन नाही, रस्ते धड नाहीत, एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं तर बोट. तरीही लोकांनी विलीनीकरणाच्या विरोधात सह्या गोळा केल्या. नाव, आणि नावापुढे वय. संख्या झाली २१,२६९. मघाचा आकडा आठवा: मूळ हवाईयन तेव्हा साधारण ४० हजार, लहान मुलं धरून!

चार प्रतिनिधी हा गठ्ठा घेऊन समुद्र ओलांडून वॉशिंग्टनला पोहोचले. राणी तिथेच होती. डिसेंबरमध्ये सिनेटर जॉर्ज होर यांच्या हस्ते अर्ज सिनेटमध्ये सादर झाला. प्रतिनिधींनी सिनेटरांच्या भेटी घेतल्या, एकेकाला समजावलं. आणि काय झालं माहितीये? करार पडला. दोन तृतीयांशासाठी ६० मतं हवी होती, विलीनीकरणवाल्यांकडे ४६च भरली. सह्यांनी एका महासत्तेचा करार अडवला.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

बारा ऑगस्ट

एप्रिल १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेन यांचं युद्ध पेटलं. १ मे रोजी अमेरिकी आरमाराने थेट फिलिपाइन्समध्ये मनिलाच्या उपसागरात विजय मिळवला. एवढ्या लांब जाणाऱ्या जहाजांना वाटेत कोळसा भरायला जागा हवी, आणि मध्यावर हवाई. कालपर्यंत ज्यांना हवाई नको होतं त्यांनाही ते आता हवंसं झालं.

पण करार तर पास होत नव्हता. मग एक पळवाट काढली, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती नीट पाहावी. कराराऐवजी दोन्ही सभागृहांचा संयुक्त ठराव आणला. ठरावाला दोन तृतीयांश लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. प्रतिनिधीगृहात २०९ विरुद्ध ९१. सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१. ७ जुलै १८९८ रोजी मॅकिन्लींची सही झाली. एका देशाने आपल्या घरच्या संसदेत ठराव करून दुसरा देश आपला केला. तिथल्या लोकांचं मत एकदाही घेतलं नाही. आणि लोकांनी न विचारताच दिलेलं मत तर दप्तरात पडून होतं.

१२ ऑगस्टला इओलानी राजवाड्यावरचा हवाईचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला. समारंभ थाटात झाला, पण हवाईयन लोकांनी बहुतांशी तिकडे पाठ फिरवली. राणी काही दिवसांपूर्वीच अमेरिकेहून परतली होती. वॉशिंग्टन प्लेसमध्ये दारं लावून, काइउलानी आणि जवळच्या माणसांसोबत ती बसून राहिली. काइउलानी पुढच्या मार्चमध्ये गेली, वय २३.

राणी त्यानंतर १९ वर्षं जगली. राजघराण्याच्या जमिनींसाठी तिने अमेरिकी न्यायालयात दावा लावला, १९१० मध्ये तो फेटाळला गेला. १९०९ मध्ये उरलेली मालमत्ता तिने एका ट्रस्टच्या नावे केली, हवाईच्या अनाथ मुलांसाठी. तो ट्रस्ट आजही चालू आहे. ११ नोव्हेंबर १९१७ रोजी वॉशिंग्टन प्लेसमध्येच ती वारली.

मग उपयोग काय झाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. लढली नाही, कागद लिहीत राहिली, आणि शेवटी देश गेलाच की. शाळांमधून हवाईयन भाषा गेली, १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं.

पण त्या जानेवारीतल्या संध्याकाळी तिने नुसतं गप्प बसून राजवाडा सोडला असता, तर काय राहिलं असतं? हवाईने आपणहून अमेरिकेत उडी घेतली, ही गोष्ट. पाठ्यपुस्तकांत बराच काळ तसंच काहीसं शिकवलं गेलं. ते खोटं ठरवायला पुरावा हवा होता. तो तिच्या निषेधपत्रात होता, ब्लाउंटच्या अहवालात होता आणि त्या २१,२६९ सह्यांमध्ये होता. १९९३ मध्ये, बंडाला शंभर वर्षं झाली तेव्हा, अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून हवाईच्या लोकांची अधिकृत माफी मागितली. हवाईयन जनतेने आपलं सार्वभौमत्व कधीच थेट सोडलेलं नाही, हेही त्यात मान्य केलं. जमीन परत मिळाली नाही, राज्यही नाही. माफीने ते येत नसतं. सार्वभौमत्वाचा वाद तिथे आजही जिवंत आहे.

सह्यांचा तो गठ्ठा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जवळजवळ विस्मरणात गेला होता. १९९६ मध्ये एका हवाईयन अभ्यासक बाईने तो शोधून काढला आणि त्याच्या प्रती बेटांवर आल्या. लोक पानं उलटून बघू लागले. आपल्या पणजीचं नाव, पणजोबांचं नाव, तेव्हाचं वय. आमच्या घरात कुणी काही बोललंच नाही कधी, असं वाटणाऱ्या घरांना कळलं की बोलले होते. शाईने लिहून बोलले होते.

पुढच्या वेळी कॉलेजच्या गेटपाशी कुणी तुमच्यापुढे सह्यांचा कागद धरला, तर आधी तो पूर्ण वाचा. पटला नाही तर खुशाल परत द्या. पटला तर मात्र नुसता गिरगिट करू नका. पूर्ण नाव लिहा, वाचता येईल असं.